खडीच्या पोटाखालची पोकळी

प्रयोगशाळेतलं ते मशीन मुळात माणसांसाठी होतं. एका मोठ्या इस्पितळानं नवं घेतलं आणि जुनं मोडीत काढायला निघालं, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी चार ठिकाणी हात जोडून ते इथं आणवलं. त्याच्या सरकत्या फळीवर डोकं टेकायची खोलगट उशी अजून तशीच होती, आणि वरच्या पट्टीवर 'श्वास रोखून धरा' ही सूचनाही. आता त्या फळीवर काँक्रीटचे दंडगोल झोपत. त्यांना श्वास रोखायला सांगावं लागत नसे.

किरण अडवणाऱ्या शिशाच्या दाराआड त्यांचे एक्स-रे काढायचं काम धाकटीचं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. लग्न झालं, नोकरीत मुरली, कानशिलापाशी पांढरे डोकावले, तरी माहेरी ती धाकटीच. एखाद्या इमारतीबद्दल मनात किंतु आला की तिच्या खांबांतून आडवं भोक पाडून मनगटाएवढ्या जाडीचा एक तुकडा काढतात. कामावरची माणसं त्याला कोअर म्हणतात. तो कोअर धाकटीकडे यायचा. मशीन त्याच्याभोवती फिरून शेकडो पातळ चकत्यांची चित्रं काढायचं, आणि त्या चकत्या एकावर एक रचून धाकटी कॉम्प्युटरवर त्याचं आतलं रूप उभं करायची. खडी कुठे आहे, सिमेंट कुठे आहे, हवा कुठे अडकली आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच. फक्त शीत दगडाचं.

हे कोअर काढून आणणारा होता तिचा दादा.

वडील गेले तेव्हा दादाला जेमतेम मिसरूड फुटली होती. पुस्तकं बाजूला ठेवून त्यानं भोकं पाडायचं मशीन धरलं ते कायमचंच. त्या मशीनच्या घरघरीवर घर चाललं, आईचं औषधपाणी झालं, धाकटीचं शिक्षण झालं. ती शिकून कुठवर गेली हे त्याला नीटसं सांगता यायचं नाही, पण सांगायची हौस दांडगी. "आमची धाकटी दगडांची डॉक्टर आहे," असं तो चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालासुद्धा ऐकवायचा.

"डॉक्टरीणबाई, पेशंट आणलेत! दार उघडा," त्या दिवशीही त्यानं अशीच हाळी दिली.

"काल येणार होतास ना रे?"

"पेशंट उठायला तयार नव्हते, त्याला मी काय करू?"

गाडीवाला ओल्या गोणपाटात गुंडाळलेले कोअर आत आणून ठेवत होता. दादा जाकिटाच्या खिशात हात घालून दाराशी उभा होता.

"आणि तू काय मुकादम झालास वाटतं? त्याला हात तरी लाव."

"वय झालं बाई आता. तूही बघ एकदा आरशात."

प्रत्येक कोअरच्या कुशीवर तेलखडूनं एक बाण काढलेला होता. खांबात असताना वरची बाजू कोणती होती, ते दाखवणारा बाण. दादाचे बाण नेहमी कोंबडीच्या पायासारखे असायचे. हे सरळ आणि रेखीव होते.

"बाण भलतेच सुबक काढलेस आज."

"तुझ्या वहिनीनं काढलेत. तिचं अक्षर चांगलं," तो म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला.

कोअर होते परिचारिकांच्या वसतिगृहाचे. शिकाऊ मुली तिथं राहायच्या. चार मजले, आणि खाली भोजनगृह. एका सकाळी ताटं वाढलेली असताना भोजनगृहातल्या एका खांबाचा गिलावा फट्कन फुटून खाली आला आणि मुली ताटं टाकून रस्त्यावर आल्या. तेव्हापासून त्या कुठल्याशा सभागृहात सतरंज्या अंथरून झोपत होत्या. खांब आतून धड आहेत असं प्रयोगशाळेनं सांगितलं तर मुली परत जाणार. नाही म्हटलं तर वसतिगृह रिकामं ठेवून खांबांची दुरुस्ती. सगळं अडलं होतं ते धाकटीच्या अहवालावर.

तिनं एकेक कोअर फळीवर झोपवला. चित्रं आली. या चित्रांत दगड आणि सिमेंट दोन्ही राखाडीच दिसतात, दोन राखाड्यांत उन्नीस-बीसचा फरक. शिवाय कोअरच्या कडा उगाचच उजळ येतात आणि मध्य काळवंडतो. त्यामुळे इथवर दगड, इथून सिमेंट, ही रेघ यंत्रावर सोडून चालत नाही. डोळ्यांत तेल घालून माणसानंच ती मारावी लागते. धाकटीनं दोन दिवस मान मोडून ते केलं. दगडांना तपकिरी रंग दिला, सिमेंटला पांढरा, पोकळ्यांना निळा. निळा फारच थोडा होता. काँक्रीट घट्ट होतं, छान दाबून बसवलेलं.

तिनं आनंदानं फोन लावला. "दादा, तुझे पेशंट ठणठणीत आहेत!"

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? इतक्या मुली आपापल्या खोलीत परत जातील."

"हं. ठेवतो. गाडीवर आहे."

तिला ते जरा लागलं, पण दादाच्या मागे कामं असतात हे तिला माहीत होतं. अहवालात घालायला एक चांगलं चित्र हवं म्हणून तिनं पडद्यावरून दगड पुसले, सिमेंट पुसलं, नुसता निळा ठेवला. आता अधांतरी लोंबकळणाऱ्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. सहज म्हणून तिनं तो कोअर पडद्यावर फिरवला, आणि तिचा हात थांबला.

काँक्रीट ओतलं की ते लगेच निवांत होत नाही. जड खडी खाली बसू बघते, पाणी वर चढू बघतं. चढणारं पाणी वाटेत खडीच्या पोटाखाली अडकतं. घासलेलं पातेलं ओट्यावर पालथं घातलं की त्याच्याखाली ओल धरून राहते ना, तसं. पुढे पाणी सुकून जातं आणि मोठ्या खडीच्या पोटाखाली एक चपटी पोकळी उरते. ओतताना वर कुठे होतं आणि खाली कुठे, याची ती खूण. दगड फोडला तरी ती खूण बदलत नाही.

खांब उभा ओततात आणि कोअर आडवा काढतात. म्हणजे या पोकळ्या कोअरच्या कुशीकडे असायला हव्या होत्या, बाणाच्या उलट बाजूला. इथं त्या सगळ्या कोअरच्या एका टोकाकडे तोंड करून होत्या. एकेका खडीखाली एकेक निळी चकती, सगळ्या त्याच दिशेला. हा कोअर वरून खाली भोक पाडून काढला होता. खांबाला वरून भोक पाडता येत नाही. त्याच्या डोक्यावर चार मजले उभे असतात.

तिनं दुसरा कोअर उघडला. तिसरा उघडला. सगळे तसेच.

धाकटी उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. मागच्याच आठवड्यात वसतिगृहाच्या फाटकासमोरच्या टपरीवर तिनं दादाला पाहिलं होतं. वसतिगृह बांधणाऱ्या ठेकेदाराचा माणूस शेजारी बसला होता आणि दोघे हसत होते. तेव्हा तिला नवल वाटलं होतं, कारण ठेकेदाराचा चहा म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यातला तुकडा, असं दादाच म्हणायचा. आता नवल वाटलं नाही.

फोन तिच्या हातातच होता. दादाचं नाव सगळ्यात वर. ती बघत राहिली. विचारलं तर तो काय म्हणेल? 'धाकटे' अशी एक हाक मारेल आणि आपण विरघळून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग अहवालात काहीतरी गुळमुळीत लिहिलं जाईल आणि मुली त्या खांबांखाली जेवायला बसतील. तिनं फोन पालथा ठेवला. आपण हे मुलींसाठी करतो आहोत, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण दादाच्या तोंडून हो ऐकायची तिला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं, आणि ते तिनं स्वतःला सांगितलं नाही.

सरांना तिनं पडदा दाखवला.

"तुमचा भाऊ आहे म्हणून विचारतो. अहवाल मी लिहू का?"

"नको सर. मीच लिहिते."

"त्यांच्याशी एकदा बोलून घेता का?"

"बोलून काय होणार?" ती हळूच म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. "दगड बोललाय ना."

बैठक प्रयोगशाळेतच भरली. वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या, ठेकेदार आला, त्याचा तो माणूस आला. दादालाही बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून तो आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. धाकटीकडे बघून त्यानं भुवई उडवली. लहानपणी ती शाळेच्या स्टेजवर जायची तेव्हा उडवायचा तशी. आपल्या बहिणीचं काम बघायला मिळणार म्हणून त्याला बरंच वाटत असावं.

धाकटीनं पडद्यावर निळ्या चकत्या दाखवल्या. पातेल्याचं उदाहरण दिलं. रेक्टरबाईंना ते चटकन कळलं.

"म्हणजे हे आमच्या खांबांतलं नाहीच?"

"नाही. हे जमिनीवर ओतलेल्या कशातलं तरी आहे. वरून काढलेलं."

मग ठेकेदारानं कपाळावर हात मारून घेतला. फार सफाईनं मारला.

"अरे देवा! बघा मॅडम, बघा! आम्ही भरवशावर काम दिलं आणि हा माणूस आम्हालाच तोंडघशी पाडतोय! तरी मी म्हणत होतो, इतक्या लवकर कोअर आले कसे?"

"काय हो?" रेक्टरबाई दादाकडे वळल्या. "माझ्या पोरी महिनाभर फरशीवर झोपतायत. त्यांना परत त्या छताखाली पाठवणार होतात तुम्ही? तुम्हाला मुलीबाळी आहेत की नाही?"

दादा उभा राहिला. "माल तोच होता बाई. मागे पाण्याच्या टाकीखाली ओटा आहे, तो त्याच दिवशी ओतलाय. तोच मिक्सर, तीच खडी. एकाच घाण्याचं तेल. मी काही भलतीकडचं आणलं नाही."

"पण खांबातून का नाही काढलेस?" धाकटीनं विचारलं. सगळ्यांसमोर, पडद्याशेजारी उभी राहून.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. भुवई केव्हाच खाली आली होती. ठेकेदाराचा माणूस खिडकीबाहेर बघत होता. दादानं दोन्ही हात खिशात घातले.

दुसरा माणूस बोलावून खांबांतून खरे कोअर काढले. ते मशीनमध्ये घालताच धाकटीला बघवेना. खांबाच्या पायथ्याशी नुसती जाळी पडली होती, उंदरांनी कुरतडलेल्या पोत्यासारखी. माल तोच होता. दादा खरंच बोलला होता. पण ओट्यावर तो हातभर उंचीवरून पडला आणि नीट दाबला गेला. खांबात तो उंचावरून ढकलून दिला, खडी खाली, सिमेंट वर, आणि कुणी धड दाबलाही नाही. एका घाण्याचं तेल दोन भांड्यांत दोन तऱ्हेचं झालं होतं. मुली परत गेल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार धाकटीनं एकदाच केला.

सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. रेक्टरबाईंनी हात हातात घेतले. आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तसं झालं. खोटे कोअर आणले म्हणून दादाचं नाव सगळ्या कार्यालयांतून काढून टाकलं. खांब कुणी ओतले, ते का दाबले नाहीत, हे विचारायची पाळी आली तेव्हा ठेकेदार म्हणाला, आमचीच फसवणूक झाली आहे, प्रयोगशाळेच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. खरंच लिहिलं होतं. धाकटीनंच लिहिलं होतं. खांबांना बाहेरून नवं काँक्रीट चढवायचं काम निघालं, आणि इमारतीची खडान्‌खडा माहिती ठेकेदाराला आहे म्हणून ते त्यालाच मिळालं.

ती दादाकडे गेली ती एका रविवारी सकाळी. वहिनीनं दार उघडलं, पण ये म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली.

दादा खाटेवर बसला होता. सदऱ्याची बटणं उघडी होती. वहिनी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावू लागली. तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून बसून राहिला. धाकटीनं त्याच्या मांडीवर ठेवलेली बोटं पाहिली. टोकांना ती पांढरीफटक होती, मेणाची असावीत तशी.

"काय झालंय हाताला?"

"काही नाही झालं," वहिनी म्हणाली. "उभा जन्म ते मशीन हातात थरथरलं, तेच झालंय. थंडीत तर चमचा धरवत नाही. नमुन्यांवरचे बाण मी काढते, गाडीवाला ओझं उचलतो, आणि हे खिशात हात घालून साहेब होतात."

"पुरे," दादा म्हणाला.

"का पुरे? ऐकू दे की. खांबाला मशीन आडवं टांगावं लागतं, हे हिला माहीत असेलच. आत सळई लागली की ते हिसका देतं. हिसका येणार हे आधी बोटांना कळतं, आणि यांच्या बोटांना काही कळतच नाही. दोनदा मशीन अंगावर आलं. ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, धरायला एक माणूस दे. तर तो म्हणतो, काका, कशाला मरता, मागचा ओटा त्याच दिवशीचा आहे, बसल्या बसल्या काढा, कोण बघतंय आत!"

"टपरीवर?" धाकटीनं विचारलं.

"टपरीवरच. चहा पाजून. आणि हसला वर."

"मग दादा, बैठकीत तू बोलला का नाहीस? त्यानंच सांगितलं होतं हे?"

"काय बोलू? माझे हात गेलेत, असं सगळ्यांसमोर सांगू? त्याच्यासमोर?" तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आणि शिकवलं त्यानं, पण केलं मीच की. मला वाटलं माल तोच आहे. वाटलं, काय फरक पडतो. पडतो फरक. तू दाखवलास."

"दादा, मला वाटलं की तू त्यांच्याकडून..."

"ते कळलं मला. तुझ्या तोंडावरच होतं."

वहिनी आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला, हवा त्यापेक्षा मोठा.

"विचारलं का नाहीस गं?" तो म्हणाला. राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "अहवाल लिहायच्या आधी. एकदा."

"चुकलं माझं."

"विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं. ते मला ठाऊक आहे. पण विचारायचं होतंस."

"माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. हात दाखवू या. मी घेऊन जाते."

"आता कुठल्या मशीनमध्ये घालणार मला?" तो हसला. हसताना त्यानं हात मांडीखाली सरकवले. "पोरी वाचल्या ना? चांगलं झालं. खरंच चांगलं केलंस. आता तू जा, धाकटे. तुझी वहिनी जेवायला थांबायचा आग्रह करायची नाही, आणि तू तशीच बसून राहिलीस की मला अवघड होईल."

ती उठली. दारापर्यंत जायला तिला फार वेळ लागला, पण मागून हाक आली नाही.

महिन्याभरानं प्रयोगशाळेत नवा कोअरवाला आला. गप्पिष्ट, गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा. चार कोअर त्यानं दोन्ही काखांत एकदम उचलून आणले आणि टेबलावर धडाधड मांडले.

"हे बघा मॅडम, एकूणएक खांबातले. लागलं तर तुमच्यासमोर काढून दाखवतो. मी त्या आधीच्या माणसासारखा नाही. ओट्यातले कोअर खांबाचे म्हणून खपवायचे म्हणजे हद्दच झाली! नीच असतात एकेक. पोरींच्या जिवावर उठला होता म्हणे."

धाकटी गोणपाट सोडत होती. ओल्या गोणपाटाची गाठ घट्ट बसली होती.

"बरीच वर्षं तोच येत होता ना इथं?" त्यानं विचारलं. "तुमच्या ओळखीचा असेल."

गाठ सुटली. धाकटीनं पहिला कोअर उचलला, बाण कुठे आहे ते पाहिलं आणि तो फळीवर आडवा ठेवला.

"कामापुरता," ती म्हणाली, आणि त्याला बाहेर जायची खूण करून तिनं शिशाचं दार ओढून घेतलं.